वाळूवरची बर्फगाडी आणि तय्यबचा पत्रा

खिशातून आयडी काढायची तय्यब होडेकरची एक पद्धत ठरलेली होती. कार्ड अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरायचं, फोटोची बाजू समोर, आणि मागची बाजू तळहाताला घट्ट चिकटलेली. गेटवरच्या वॉचमनला दाखवायचं असो की बँकेतल्या पोरीला, कार्ड उलटं होऊ द्यायचं नाही. कारण मागच्या बाजूला त्याचा हुद्दा छापलेला होता: हेल्पर.

सव्वीस वर्षं झाली होती. एकोणीसशे नव्व्याण्णव साली रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावातून तो दुबईत उतरला तेव्हा एजंटाने फॉर्मवर हेल्पर लिहिलं, आणि तेव्हा ते खरंही होतं. पण पुढच्या दोन वर्षांत तो एसीच्या डक्टचा पत्रा असा वाकवायला लागला की नकाशा बघायची गरज उरली नाही. छताखाली उभा राहायचा, एक डोळा मिटायचा आणि सांगायचा, "इथून वळवा, तिथं पाच इंच कमी करा." देरा, अल कुसैस, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क, किती इमारतींच्या पोटात त्याचा पत्रा आहे याचा हिशोब त्यानेही सोडून दिला होता. कार्ड मात्र दर नूतनीकरणाला जुन्या कार्डावरून उतरवलं जायचं. हेल्परवरून हेल्पर.

ज्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटते त्याने आपल्या पदवीची सुरळी एक वर्ष कुलपात ठेवावी, साहेब म्हणणाऱ्यांना "अरे ए" म्हणायला सांगावं, आणि मग बोलावं. जगाचा न्याय असा आहे की कागद ज्याच्या हातात तो साहेब, आणि पत्रा ज्याच्या हातात तो हेल्पर. मग पत्रा हवा तेवढा सरळ असो.

तर या जानेवारीत तय्यबचं कार्ड पुन्हा नूतनीकरणाला आलं होतं. वय सत्तावन्न. साठीनंतर इथे ठेवतात की घरी धाडतात कोण जाणे, म्हणजे बहुधा हे शेवटचं कार्ड. मंदूब, म्हणजे कंपनीच्या कागदपत्रांसाठी सरकारी कचेऱ्यांत फिरणारा माणूस, सोमवारी सगळी पाकिटं घेऊन जाणार होता. तय्यबने त्याला विचारून पाहिलं.

"हुद्दा बदलायचा तर बू राशिदने सांगायला हवं," मंदूब म्हणाला. "मेरे हाथ में कुछ नहीं, हबीबी."

बू राशिद म्हणजे मालक. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात त्याची शेजारी शेजारी दोन शेड होती. एकात डक्टचं काम, दुसऱ्यात त्याच्या शौकाचं गॅरेज. माणूस वाईट नव्हता. पगार वेळेवर, रमझानमध्ये प्रत्येकाला तांदळाचं पोतं. पण तय्यब त्याच्याकडे लागला त्याला अकरा वर्षं झाली, तरी त्याने तय्यबचं नाव कधी विचारलं नव्हतं. तय्यबच काय, सगळेच त्याला 'रफीक', म्हणजे दोस्त. हाक मारली की चार जण एकदम वळायचे.

आणि त्या आठवड्यात बू राशिदच्या डोक्यात कार्ड, पाकीट, मंदूब यांतलं काहीही नव्हतं. त्याच्या डोक्यात बर्फगाडी होती.

*

ही बर्फगाडी त्याने थेट कॅनडातून मागवली होती. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबरी पट्टा, आणि मध्ये बसायला सीट. तिकडे बर्फावरून पळते, आपल्याकडे वाळूवरून पळवू, असा साधा हिशोब.

"चाळीस हजार दिरहम," गॅरेजात आलेल्या दत्तप्रसाद लेल्यांनी तय्यबला हळूच सांगितलं होतं. "म्हणजे आपले साडेनऊ लाख! एवढ्यात माझ्या काकांनी चिपळूणला घर बांधलं."

दत्तप्रसाद पुण्याचे, राहायला अल कुसैसला, नोकरी एका मोठ्या कंपनीत. इंजिनाला लॅपटॉप लावून त्याच्या पेट्रोलचं गणित जुळवायचा त्यांना नाद होता, म्हणून बू राशिदने त्यांना फावल्या वेळात बोलावून घेतलं होतं. गॅरेजचा मेस्त्री हमदुल्ला पठाण. त्याचे हात सोन्याचे आणि तोंड तोफेचं.

आता गंमत अशी की बर्फगाडीच्या इंजिनाला थंड करायचं काम बर्फच करतो. पट्ट्याने उडवलेला बर्फ इंजिनाचं गरम पाणी फिरतं त्या खालच्या नळ्यांवर आपटतो, झालं काम. वाळू कुठली थंड करायला! म्हणून हमदुल्लाने गाडीच्या नाकात एक रेडिएटर आणि दोन पंखे बसवले. गाडी पळाली. दहा मिनिटं. मग चढावर दम सोडला, इंजिन ठकठकायला लागलं आणि लाल दिवा लागला.

हमदुल्लाने मोठा रेडिएटर बसवला. आठ मिनिटं.

त्याहून मोठे पंखे बसवले. सहा मिनिटं.

"गाडी है कि मेरी सास!" हमदुल्ला ओरडला. "जितना दो, उतना मुँह फुलाती है!"

दत्तप्रसादांनी लॅपटॉपवर बोट ठेवलं. "इनटेक टेम्परेचर बघा ना, चौऱ्याहत्तर! इंजिन आत घेतंय तीच हवा एवढी गरम. गरम हवा पातळ, ताकद कमी. डेझर्ट कंडिशन आहे, काय करणार. मी पेट्रोलचा मॅप बदलून पॉवर थोडी खाली आणतो."

तय्यब मधल्या दारात चहाचा कप घेऊन उभा होता. जानेवारीचा महिना. सकाळी त्याने स्वेटर घातलं होतं.

"दत्तासाहेब, बाहेर बावीस डिग्री हाय," तो म्हणाला. "चौऱ्याहत्तरची हवा कुठल्या गावाहून आली?"

"इंजिनाच्या खोलीत असतेच गरम, तय्यबभाई. तुम्ही एसीवाले, तुम्हाला नाही कळायचं ते."

दत्तप्रसाद काही दुष्टपणाने बोलले नाहीत. शिकलेली माणसं असं बोलतात, त्यांना ते ऐकूही येत नाही. तय्यबने कपातला चहा संपवला, कप खिडकीत ठेवला आणि विचारलं, "हितं गॅरेजात चालवता तेव्हा आकडा किती येतो?"

"इथे चाळीसच्या आत. इथे कधी प्रॉब्लेमच येत नाही, तेच तर!"

"हितं झाकण काढून चालवता. वाळूत झाकण लावून."

लॅपटॉपवरची बोटं थांबली.

तय्यबला दुसरं काही येत नसेल, हवा येत होती. मॉलमध्ये लोक दुकानं बघतात, हा मान वर करून जाळ्या बघायचा. शहनाझ, त्याची बायको, एकदाच महिनाभर दुबईला आली होती, तेव्हा मॉलमध्ये तिचा नवरा हरवला. सापडला तो सरकत्या जिन्याखाली, छताकडे बघत आणि पुटपुटत, "कोणी गाढवाने बसवलंय हे." आणि या देशात त्याने एक चूक शंभर वेळा दुरुस्त केली होती: जुन्या इमारतींच्या अरुंद चौकात एसीची बाहेरची यंत्रं समोरासमोर कोंबायची, मग एकाने टाकलेली गरम हवा दुसऱ्याने ओढायची, दोघं तापून बंद पडायची, आणि मालकाने अजून मोठं यंत्र आणायचं. ते अजून लवकर बंद पडायचं. तय्यब जाऊन मध्ये पत्र्याचा पडदा ठोकून यायचा. खलास.

"गाडी आपलाच उच्छ्वास गिळतेय," तो म्हणाला. "मोठा पंखा म्हणजे मोठा घास."

"थिअरी चांगली आहे," दत्तप्रसाद म्हणाले, "पण प्रूव्ह कसं करणार?"

*

त्याच दिवशी असरच्या, म्हणजे दुपार उतरल्यावरच्या नमाजानंतर बू राशिद गॅरेजशेजारच्या आपल्या मजलिशीत, म्हणजे बैठकीत, मित्रांबरोबर कॉफी पीत बसला होता. दाराशी पितळी धुपाटणं होतं, त्यात ऊदाचा तुकडा धुमसत होता. पाहुणा उठायला लागला की ते फिरवायचं, कपड्यांना वास द्यायचा, हा इथला रिवाज. तय्यब दारात आला, सलाम केला, धुपाटणं उचललं आणि चालायला लागला.

मग बू राशिद उठला, त्याच्यामागे तीन मित्र, त्यांच्यामागे कॉफीवाला. अशी वरात गॅरेजात पोचली.

"चालू कर," तय्यब हमदुल्लाला म्हणाला. "झाकण लावून. फक्त बाजूची फळी बोटभर उघड."

इंजिन सुरू झालं, पंखे फिरले. तय्यबने धुपाटणं नाकाशी, रेडिएटरच्या समोर धरलं. ऊदाचा निळसर धूर जाळीतून आत ओढला गेला, मागून तापून बाहेर आला आणि बाहेर जायची वाटच नसल्याने झाकणाखाली गोल फिरला. बाजूच्या फटीतून सगळ्यांना दिसत होतं. धुराची एक सरळ वेणी उठली आणि इंजिनाच्या हवेच्या तोंडात शिरली, जशी काही कोणी दोरी ओढतंय. दोन मिनिटांनी मागच्या सायलेन्सरमधून ऊदाचा वास यायला लागला.

"वल्लाह," बू राशिदचा एक मित्र म्हणाला, "तुझी गाडी लग्नाला निघाली."

हमदुल्ला हसून हसून जमिनीवर बसला. दत्तप्रसाद मात्र वाकून ती धुराची वेणी बघत राहिले, बराच वेळ. मग बू राशिदकडे वळून इंग्रजीत म्हणाले की प्रॉब्लेम आयडेंटिफाय झाला आहे, आम्ही डक्टिंग करून गरम हवा डायव्हर्ट करू, इन्शाल्ला शनिवारी गाडी चढ चढेल.

'आम्ही.' तय्यबने ऐकलं. बू राशिदने दत्तप्रसादांच्या पाठीवर थाप मारली. धुपाटणं कॉफीवाल्याने परत नेलं.

पुढचे दोन दिवस तय्यब पत्रा कापत होता. रेडिएटरच्या मागे त्याने एक पेटी बसवली, सगळी गरम हवा तिच्यात. पेटीतून एक चपटा डक्ट काढून डाव्या बाजूने बाहेर. इंजिन आणि पेटीच्या मध्ये पडदा. आणि इंजिनाचं हवेचं तोंड वर उचलून पुढच्या काचेजवळ नेलं, त्यावर वाळू अडवायला स्पंजची टोपी. मापासाठी त्याने हमदुल्लाला सीटवर बसवलं. गुडघा कुठे येतो, पाय कुठे येतो, चार-चार वेळा बघितलं.

"ऐश है," हमदुल्ला कामाच्या निळ्या तुमानीत ऐटीत बसून म्हणाला. "पाँव को गरम हवा भी आती है. हीटर मुफ़्त."

रात्री फोनवर शहनाझने विचारलं, "मालकाला कार्डाचं बोललात?"

"शनिवारी बोलतो. गाडी चढली की."

"आणि नाय चढली तर?"

"पत्रा माझा हाय," तय्यब म्हणाला. "चढेल."

*

शनिवारी सकाळी वाळूत मेळाच भरला. बू राशिदचे वीस-पंचवीस मित्र, त्यांच्या गाड्या, कोळशावर कॉफी. दत्तप्रसादांबरोबर त्यांची बायको मंजुषा आणि सात वर्षांची इरा आल्या होत्या. मंजुषाने दूध पावडरच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात चकल्या आणल्या होत्या आणि पठाणापासून शेखापर्यंत सगळ्यांना ती त्या वाटत होती.

"तय्यबभाई, घ्या ना. दत्ता सांगत होता, सगळं तुम्हीच बनवलंत."

"असं साहेब म्हणाले?" तय्यबला बरं वाटलं.

"घरी म्हणाला." मंजुषाने नवऱ्याकडे एक नजर टाकली. "इथे म्हणतो का बघू."

बू राशिद पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यात, म्हणजे अरबी पायघोळ झग्यात आला, डोक्याचा रुमाल, गुत्रा, आवळून बांधलेला. गाडीवर बसला. समोर वाळूचा उंच चढ. मागे वीस मोबाइल उभे राहिले, व्हिडिओ काढायला.

"यल्ला!"

गाडी सुटली. पट्ट्याने वाळूचा फवारा उडवला. दहा मिनिटं खाली गोल गोल फिरवून त्याने इंजिन चांगलं तापवलं. दत्तप्रसाद लॅपटॉपवरून ओरडत होते, "एकोणतीस! तीस! तय्यबभाई, तीस!" मग बू राशिदने नाक चढाकडे वळवलं. पंखे आता कुठे पूर्ण जोरात फिरायला लागले, आणि दहाची हद्द ओलांडली तरी इंजिन गात होतं. गाडी अर्ध्या चढावर होती.

आणि बू राशिद फुगायला लागला.

आधी डावा गुडघा. मग मांडी. मग पोट. तय्यबचा डक्ट डाव्या बाजूला नेमका गुडघ्याखाली उघडत होता, आणि दोन मोठ्या पंख्यांची सगळी हवा कंदुऱ्याच्या घेरात भरत होती. हमदुल्लाच्या तुमानीला जे जमलं नव्हतं ते कंदुऱ्याने करून दाखवलं. हवा शिरायला खाली वाट मोठी, निघायला वर गळ्याशी बटण. पाहता पाहता मालक लग्नाच्या शामियान्याएवढा झाला. त्याने एका हाताने कपडा दाबायला हँडल सोडलं, गाडी वळली आणि शामियाना हळूहळू, डौलाने चढावरून उतरून खाली आला.

कोणी हसत नव्हतं. वीस माणसं ओठ चावून उभी होती.

"आई, लुक!" इरा टाळ्या वाजवत ओरडली. "ही इज अ बाउन्सी कॅसल!"

मंजुषाने तिच्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. पहिला मित्र खोकल्यासारखं करत वळला. दुसरा गाडीमागे गेला. मोबाइल मात्र एकही खाली झाला नव्हता.

बू राशिद उतरला. कंदुरा बसला. त्याचा चेहरा गुडघ्यापेक्षा जास्त तापलेला होता.

"ये कौन बनाया?"

हमदुल्लाला एकदम स्पॅनर पुसायची आठवण झाली. दत्तप्रसाद लॅपटॉपमध्ये शिरले. मंजुषा कुजबुजली, "दत्ता, मीट तो लॅपटॉप." दत्तप्रसादांनी तो मिटला, तोंड उघडलं, पण त्याआधीच तय्यब दोन पावलं पुढे गेला होता.

सोमवार गेला, त्याला वाटत होतं. कार्डही गेलं. पण पत्रा त्याचा होता. वळण चुकलं असेल तर ते वळणही त्याचंच होतं, दुसऱ्याच्या नावावर त्याने ते कधी ठेवलं नसतं.

"मैंने बनाया. पूरा मैंने. कपड़े का माप नहीं लिया, वो ग़लती भी मेरी."

बू राशिदने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, बहुधा पहिल्यांदा. "तुम इंजिनियर?"

"नहीं."

"मेकॅनिक?"

"नहीं."

"तो क्या काम?"

तय्यबने खिशातून कार्ड काढलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते उलटं धरलं, मागची बाजू समोर. "हेल्पर."

"हेल्पर?" बू राशिद म्हणाला. "किसका हेल्पर?"

"छब्बीस साल हो गए, अरबाब," तय्यब म्हणाला, "जिसका मैं हेल्पर हूँ, वो आदमी मुझे अभी तक मिला नहीं."

मग बू राशिद हसला. आधी नाकातून, मग पोटातून, आणि ज्यांनी इतका वेळ ओठ चावले होते त्या सगळ्यांना एकदम सुटका मिळाली. कोणीतरी वाळूवर लोळला. हमदुल्लाने स्पॅनर टाकून दिला.

"ही केम अप विथ इट, सर," दत्तप्रसाद गर्दीतून पुढे येत म्हणाले. कान लाल झाले होते. "धुराची आयडियाही त्यांचीच. मी फक्त आकडे वाचले. त्या दिवशीच सांगायला हवं होतं."

"ठीक कर सकता है?" बू राशिदने तय्यबला विचारलं. "अभी?"

वळण खाली आणि मागे न्यायला हवं होतं, पायफळीच्या खाली. एक एल्बो, म्हणजे कोपरासारखा वाकलेला तुकडा, बस. पण पत्रा शेडमध्ये, शेड चाळीस मिनिटांवर. तय्यबने चारी दिशांना नजर फिरवली आणि ती मंजुषाच्या हातावर थांबली.

"ताई," तो म्हणाला, "चकल्या किती उरल्या?"

"अय्या, नाही हं! माझा डबा!"

"परत देईन. शपथ."

"सगळे असंच म्हणतात आणि डबे कधी परत येत नाहीत!" असं म्हणत म्हणत मंजुषाने चकल्या एका थाळीत ओतल्या आणि डबा पुढे केला. हमदुल्लाच्या पिकअपमधून कात्री आली, रिव्हेट आले. तय्यबने एक डोळा मिटला. डब्याची दोन तिरकी कापं, एक वळण, आठ रिव्हेट. पंधरा मिनिटं. शेवटी त्याने टिश्यू पेपरची पट्टी डक्टच्या तोंडाशी धरली. पट्टी खाली आणि मागे, वाळूकडे फडफडली. या वेळी मात्र माप घ्यायला त्याने बू राशिदलाच सीटवर बसवलं आणि कंदुऱ्याचा काठ स्वतःच्या हाताने सोडून बघितला. काठ हलला नाही.

गाडी चढली. चढाच्या माथ्यावर पोचून, पलीकडे अदृश्य होऊन, परत माथ्यावर आली, आणि तिथून बू राशिदने दोन्ही हात वर केले. कंदुरा सरळ, इस्त्रीतल्यासारखा.

खाली येऊन त्याने हाक मारली. 'रफीक' म्हणून तोंड उघडलं होतं, मग थांबला. "इस्म क्या तुम्हारा?"

"तय्यब."

"उस्ताद तय्यब, इधर आओ. मंदूब का नंबर लगाओ."

*

सोमवारी मंदूबाने कुरकुर केली. टेक्निशियन लिहायचं तर डिप्लोमा दाखवा म्हणे, मॅनेजर लिहायचं तर डिग्री.

"मला तसलं कायच नको," तय्यब म्हणाला. "मी डक्ट बनवतो. तेच लिव."

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. त्याने फोटो काढून गावी पाठवला. लगेच शहनाझचा फोन.

"अहो, ही मागची बाजू पाठवलीत. तुमचं तोंड कुठंय ह्यात?"

"तोंड तू सव्वीस वर्षं बघतेस. हे वाच."

तिने वाचायला चष्मा शोधला. अलिना, त्यांची मुलगी, मागून मोठ्याने वाचत होती, "डक्ट फॅब्रिकेटर!" आणि मग, "अब्बा, हे स्टेटसला ठेवू?"

"ठेव," तय्यब म्हणाला. "दोन दिवस ठेव."

आणि मंजुषाचा डबा? तो अजून बर्फगाडीच्या डाव्या बाजूला आहे, बू राशिद तो काढू देत नाही. पण अल कुसैसच्या स्वयंपाकघरात डक्टच्या जस्ती पत्र्याचा एक नवा चौकोनी डबा आला आहे. सांधा असा की झाकण उघडताना सुस्कारा ऐकू येतो. मंजुषा येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यातली चकली देते आणि म्हणते, "महिना झाला हं हिला. मोडून बघा, कशी वाजते."